गाडी घरी आणून देणारे केळकर

केळकरकाका कुठल्याही गाडीच्या कंपनीचं नाव घेत नसत. नाव घेतलं की फुकटात जाहिरात होते, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे त्यांच्याशी गाड्यांबद्दल बोलायचं तर आधी त्यांची भाषा शिकून घ्यावी लागे. पुढे लांब बॉनेट असलेला जुना ट्रक म्हणजे ‘नाकवाला’. परदेशातल्या त्या रुंद, बसक्या, अचाट ताकदीच्या मसल कार म्हणजे ‘दंडवाल्या’. आणि दोन्ही बाजूंना पेट्या लावलेली, लांबच्या प्रवासाची मोटरसायकल म्हणजे ‘बिऱ्हाड’. मला गाड्यांतलं काही म्हणजे काही कळत नाही, चालवताही येत नाही. पण अंबरनाथला त्यांच्या शेजारच्या ब्लॉकमध्ये अर्धं आयुष्य गेल्यामुळे ही भाषा मला बोलता येते. आता तिच्यात बोलायला माणूस उरलेला नाही. केळकरकाका पुण्याला मुलाकडे गेले आणि तिकडेच वारले.

सरकारी कारखान्यातून ते चार्जमन म्हणून रिटायर झाले होते. संध्याकाळी मी ऑफिसातून दमून परत यायची तेव्हा ते गेटजवळ प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेले असायचे. समोरून एमआयडीसीचे ट्रक जात. रस्ता कायम खणलेला, धूळ नाकातोंडात, हॉर्नचा कलकलाट. असल्या ठिकाणी माणूस आपण होऊन का बसेल, हे मला बरेच दिवस कळलं नव्हतं. ते ट्रक बघायला बसत. एखादा ट्रक खड्ड्यातून गेला की त्याचा मागचा भाग किती खाली बसतो आणि किती वेळाने सावरतो, ते बघत आणि मान हलवत. मान बहुतेक वेळा नाराजीनेच हलायची.

‘‘वर्षा, सांग बघू,’’ मला थांबवून ते विचारत, ‘‘भरवशाचा ट्रक म्हणजे कुठला?’’

‘‘जो बंद पडत नाही तो.’’

‘‘सगळे हेच सांगतात. अगं, बंद सगळेच पडतात. बंद पडल्यावर जवळच्या खेड्यात ज्याचा पार्ट मिळतो आणि झाडाखालचा मेकॅनिक ज्याला हात लावायला घाबरत नाही, तो भरवशाचा. हल्लीचे ट्रक बंद पडले की कॉम्प्युटर मागवावा लागतो. माळशेज घाटात कुठून आणायचा कॉम्प्युटर?’’ मग जरा थांबून, खुर्चीच्या हातावर बोटाच्या पेराने दोनदा टकटक करून म्हणत, ‘‘पण माझं कोण ऐकतंय.’’

हे त्यांचं पालुपद. प्रत्येक मताच्या शेवटी ते यायचंच. तक्रार म्हणून नव्हे. पत्राखाली सही करावी तसं.

आणि खरंच त्यांचं कोणी ऐकत नसे. आमच्या बिल्डिंगमध्ये, किंबहुना आख्ख्या कॉलनीत, कोणालाही गाडी घ्यायची झाली की तो आधी केळकरकाकांकडे येई. काका तासभर बोलत. इंजिन, गिअर, मागच्या सीटवर म्हाताऱ्या माणसाला चढता-उतरता येतं की नाही, सगळं समजावून सांगत. समोरचा माना डोलवे, सुमनकाकूंच्या हातचा चहा घेई आणि जाऊन मेहुण्याने सांगितलेली गाडी बुक करी. आठवड्याभराने तोच माणूस पेढे घेऊन पुन्हा दारात उभा. ‘‘काका, शनिवारी डिलिव्हरी आहे. याल ना?’’

कारण मत कोणाचंही चालत असलं तरी नवी गाडी शोरूममधून घरी आणायची केळकरकाकांनीच, असा आमच्याकडचा रिवाज होता. तो कधी पडला कोण जाणे. लायसन काढलेलं असायचं, क्लासही झालेला असायचा, पण कल्याणच्या शोरूमपासून अंबरनाथपर्यंतच्या त्या गर्दीत कोरी करकरीत गाडी घालायची कोणाची छाती होत नसे. शिवाय काका आणतात ती गाडी लाभते असंही बायका म्हणू लागल्या होत्या. काका चिडायचे. ‘‘लाभते कसली? वेळेवर ऑइल बदललं की लाभते. लिंबू चिरडून गाड्या चालल्या असत्या तर गॅरेजवाले उपाशी मेले असते.’’ पण शनिवारी इस्त्रीचा शर्ट घालून ते तयार असत. आधी हात पाठीशी बांधून गाडीला एक फेरी घालत. टायरला लाथ मारणारी माणसं त्यांना आवडत नसत. ते अंगठ्याने दाबून बघत. दार उघडून एकदा लावत आणि आवाज ऐकत. मग मालकाला शेजारी बसवून, एकही हॉर्न न वाजवता गाडी घरी आणत. मालक घामाघूम झालेला असे. काका खाली उतरून किल्ली त्याच्या बायकोच्या हातात देत. मालकाच्या हातात कधीच नाही. ‘‘हप्ते दोघं मिळून भरणार ना,’’ म्हणत.

गाडी कशी आहे, हे त्या दिवशी त्यांना कोणी विचारत नसे आणि तेही सांगत नसत. त्यांनी कुठल्याही नव्या गाडीला ‘चांगली’ म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. फार झालं तर ‘‘बरी आहे’’ म्हणत.

त्यांची स्वतःची एक मोटरसायकल होती. जुनी, काळी, जड. तिच्यावरून ते आणि सुमनकाकू गोकर्णापर्यंत जाऊन आले होते. कॉलनीतली हल्लीची पोरं भलीमोठी ‘बिऱ्हाडं’ घेऊन, गुडघ्यांना ढाली बांधून, बारवी धरणापर्यंत जातात, वडापाव खातात आणि परत येतात. त्यांना काका अडवायचे. ‘‘लांबच्या प्रवासाची गाडी कोणती, ते चालवणाऱ्याने ठरवायचं नसतं. मागे बसणाऱ्याला विचारा. कंपन्या सगळं पुढच्यासाठी करतात. प्रवास खरा करतो तो मागचा.’’

हे ऐकून गॅलरीतून काकू म्हणाल्या होत्या, ‘‘मागची वर बसलीये. तिला अजून कोणी विचारलं नाही.’’

‘‘मग सांग की!’’ काकांनी मान वर केली.

‘‘रत्नागिरीच्या पुढे मला पाय आहेत की नाहीत तेच कळत नव्हतं. आज गुडघे कुरकुरतात ते तुमच्या भरवशाच्या गाडीमुळे.’’

पोरं हसली. काकाही हसले, पण दुसऱ्या दिवसापासून त्यांनी टुरिंगच्या गाड्यांवर बोलायचं कमी केलं. काकूंचे गुडघे खरंच फार दुखत असत.

दंडवाल्या गाड्यांवर मात्र त्यांचा जीव होता, आणि तो त्यांना स्वतःलाच न पटणारा होता. ‘‘सरळ रस्त्यावर वाघ, वळणावर म्हैस,’’ असं म्हणायचे आणि मोबाइलवर त्यांचेच व्हिडिओ बघत बसायचे. उल्हासनगरला लखीशेठ म्हणून त्यांच्या ओळखीचे एक सिंधी गृहस्थ होते. ट्रकची बॉडी बांधायचा त्यांचा कारखाना. ट्रक बनवणारी कंपनी नुसती इंजिन-चाकांची चासी देते, आणि तिच्यावर मागचा हौदा, फळ्या, रंगकाम हे सगळं लखीशेठसारखे लोक करतात. या लखीशेठनी हौसेखातर कुठूनतरी एक जुनी दंडवाली मिळवली होती. गाडी आली आणि गल्लीतल्या पहिल्याच स्पीडब्रेकरवर पोट टेकून बसली. पुढे जाईना, मागे येईना. बाजूचे दुकानदार गिऱ्हाईक सोडून बघायला आले. लखीशेठनी काकांना फोन केला.

काका गेले. गाडीभोवती फेरी घातली, इंजिन चालू करायला लावलं आणि भर गल्लीत डोळे मिटून ऐकत उभे राहिले. आजूबाजूच्या पत्र्यांना कापरं भरलं होतं म्हणे.

‘‘केळकरसाब, कुछ बोलो ना,’’ लखीशेठ काकुळतीला आले. ‘‘निकलेगी कैसे?’’

‘‘शेठ, ही गाडी नाही. पाहुणा आहे. ह्याला बसू द्या, खाऊपिऊ घाला. कामं सांगू नका.’’

मग लखीशेठच्या माणसांनी फळ्या लावून ती आत घेतली. तेव्हापासून ती कारखान्याच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली होती. काका महिन्यातून एकदा जाऊन ती चालू करत, जरा वेळ ऐकत, बंद करत आणि परत येत. आल्यावर दोन दिवस खुशीत असायचे.

या सगळ्यात साळवे कुठेच नव्हते, आणि तरी सगळीकडे होते. यशवंत साळवे म्हणजे कारखान्यात काकांच्या शेजारच्या बेंचवरचे सहकारी. सगळी नोकरी दोघं एका डब्यात जेवले होते. साळव्यांच्या घरचं सुकट आणि केळकरांच्या घरचं थालीपीठ, असं ते जेवण. रिटायर झाल्यावर साळव्यांनी बदलापूर गावात छोटं घर बांधलं, पण दर रविवारी सकाळी ते काकांकडे येत. काका बोलत, साळवे पेपर वाचत. साळव्यांना गाड्यांत काडीचा रस नव्हता. त्यांना केळकरांत रस होता. कधीतरी पेपरातून मान वर करून म्हणत, ‘‘केळकर, जरा श्वास घे,’’ आणि पुन्हा पेपरात जात.

आता जे सांगायचं ते सांगताना मला अजून थकवा येतो.

चार पावसाळ्यांपूर्वीची गोष्ट. आमच्या वरच्या मजल्यावरच्या गुप्त्यांची नवी गाडी काकांनी आणली. शोरूमपासून स्टेशनपर्यंत सगळं नेहमीसारखं. आमच्या रस्त्याच्या तोंडाशी डाव्या बाजूला एक रिक्षा उभी होती. गाडीचा आरसा थेट तिच्यावर आदळला. रिक्षावाला ओरडला, ‘‘ओ काका, बघताय कुठं?’’ गुप्ते सभ्य माणूस, ‘‘असू दे, असू दे’’ म्हणत राहिले. पूजेचं ताट घेऊन खाली उभ्या असलेल्या बायकांनी गाडीवरचा ओरखडा बघितला. काकांनी किल्ली दिली आणि वर गेले. पेढा घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझं दार वाजवलं. ‘‘काकूला जिने जमत नाहीत. तू जरा डोळ्यांच्या डॉक्टरकडे बरोबर येशील?’’

मी गेले. काचबिंदू निघाला, आणि बराच पुढे गेलेला. समोरचं स्वच्छ दिसत होतं, म्हणून त्यांना काही कळलंच नव्हतं. दोन्ही बाजूंचं मात्र जवळजवळ गेलं होतं. गेलेली नजर परत येत नाही, आहे ती थेंब घालून टिकवायची, असं डॉक्टरांनी सांगितलं. गाडी चालवायची नाही, हेही सांगितलं. काकांनी एकच प्रश्न विचारला, ‘‘म्हणजे रिक्षा तिथे होती?’’ डॉक्टरांना काही समजलं नाही.

रिक्षाने परत येताना ते म्हणाले, ‘‘काकूला मी सांगेन. बाकी कोणाला बोलू नकोस.’’

‘‘का पण, काका? सांगून टाका ना. लोक समजून घेतील.’’

‘‘समजूनच घेतील. तेच नको आहे. गाडी आणायला नाही बोलावलं तर चालेल. पण दिसत नाही म्हटल्यावर मत कोण विचारणार? आता निदान विचारतात तरी. ऐकत नसले तरी.’’

त्या दिवसानंतर त्यांनी स्टिअरिंगला हात लावला नाही. काळी मोटरसायकल एका ओळखीच्याला देऊन टाकली. त्या बाबतीत माणूस सरळ होता. फक्त खरं कारण सांगत नव्हता. कोणी बोलवायला आलं की म्हणे, ‘‘कंबर धरलीय.’’

आणि इथेच सगळा घोटाळा झाला. केळकरकाका गाडीत बसले नाहीत याचा अर्थ कॉलनीने लावला तो असा की गाडीतच काहीतरी खोट आहे. कोपऱ्यावरच्या नव्या बिल्डिंगमधलं एक तरुण जोडपं लाल गाडी घेणार होतं. काकांनी कंबर पुढे केली. ती दोघं रात्रभर झोपली नसावीत, सकाळी सकाळी येऊन बसली.

‘‘काका, प्लीज, खरं सांगा. इंजिनमध्ये प्रॉब्लेम आहे का?’’

‘‘नाही हो. चांगली गाडी आहे.’’

काकांच्या तोंडून ‘चांगली’ ऐकल्यावर त्या मुलीचा चेहराच उतरला. मुलगा म्हणाला, ‘‘यार, मतलब काहीतरी आहेच.’’ त्यांनी ते बुकिंग रद्द केलं. काकांनी कपाळावर हात मारून घेतला. मला हसू आलं होतं, पण त्यांचं तोंड बघून मी ते गिळलं.

मग साळव्यांच्या प्रज्ञाचा ट्रक आला. प्रज्ञा ही साळव्यांची धाकटी मुलगी. एमआयडीसीतल्या कंपन्यांचा माल पोचवायचं काम ती भाड्याच्या गाड्यांवर करत होती. आता स्वतःचा सहाचाकी ट्रक घ्यायचा ठरलं, आणि जन्मात पहिल्यांदा एका माणसाने केळकरकाकांचं मत शब्दशः ऐकलं. चासी त्यांनी सांगितली ती. बॉडी लखीशेठकडे. हौद्याला खाली जाड लाकूड, कारण लाकडाची एक फळी मोडली तर एक बदलता येते. मागच्या स्प्रिंगला एक पाटा जास्त, म्हणजे माल भरल्यावर मागचा भाग फार खाली बसायला नको. मागे काय लिहायचं, असं पेंटरने विचारलं तर काका म्हणाले, ‘‘काहीही नको. मागच्याला वाचत बसवायचं आणि वर अंतर ठेवा म्हणायचं, हा काय चावटपणा?’’ प्रज्ञाने मागे नुसता निळा रंग ठेवला. त्या दोन महिन्यांत काका जितके बोलले तितके कधी बोलले नव्हते. ‘पण माझं कोण ऐकतंय’ हे वाक्य त्या दिवसांत मी ऐकलं नाही.

ट्रक आणायचा कोणी, हा प्रश्नच नव्हता. काकांकडे अवजड वाहनाचं लायसन होतं, निव्वळ हौसेने काढलेलं, आणि साळव्यांची पहिली स्कूटर, मग मुलाची मोटरसायकल, सगळं त्यांनीच घरी आणलं होतं. साळवे रविवारी येत, पेपर वाचत आणि जाताना म्हणत, ‘‘तेवढी कंबर सांभाळ, केळकर. ट्रक आणायचाय.’’ काका ‘‘हो हो’’ म्हणत. दार लागलं की माझ्याकडे बघत.

‘‘सांगा आता त्यांना,’’ मी म्हणायची.

‘‘पुढच्या रविवारी.’’

असे रविवार संपले आणि तो दिवस आला. काकांना आता एकट्याने रस्ता ओलांडणं कठीण झालं होतं, म्हणून मी रजा टाकून बरोबर निघाले. रिक्षात मी म्हटलं, ‘‘आत्ता फोन तरी करा.’’

‘‘फोनवर डोळ्यांचं काय सांगायचं? तोंडावर सांगतो. बाजूला घेऊन.’’

पण बाजूला घ्यायला तिथे जागाच नव्हती. लखीशेठच्या आवारात साळव्यांचं सगळं गणगोत जमलं होतं. बहिणी, भाचे, बदलापूरचे शेजारी. पांढऱ्या साड्या नेसलेल्या बायका. टेबलावर बुद्धाची मूर्ती, मेणबत्त्या, फुलं. बुद्धवंदना नुकतीच झाली होती. तो ट्रक खरोखर देखणा होता, ते मलाही कळलं. काका समोर जाऊन उभे राहिले आणि बराच वेळ बघत राहिले. साळव्यांच्या अंगावर नवा सदरा होता. त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, ‘‘हे केळकर. ह्यांनी निवडलाय. आता तेच घरी आणणार.’’ टाळ्या पडल्या. साळव्यांनी किल्ली पुढे केली.

‘‘घे. चल.’’

काकांनी हात पुढे केला नाही. ‘‘ड्रायव्हर आहे ना प्रज्ञाचा? त्याला चालवू दे, यशवंता. माझी कंबर...’’

साळव्यांचा हात तसाच राहिला. कॉलनीला काकांच्या कंबरेचा अर्थ ठाऊक होता, साळव्यांनाही होता. पण हा ट्रक काकांनीच निवडलेला. त्यात खोट असणं शक्य नव्हतं. मग उरलं काय? मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते आणि ते काय ते मला दिसलं.

‘‘कंबर,’’ साळवे हळूच म्हणाले. ‘‘गुप्त्यांची आणलीस. शेट्टीची आणलीस. लखीशेठच्या मेव्हण्याची आणलीस. आमचा एवढा मोठा ट्रक, मूर्तीसमोर उभा केलेला, त्याला हात लावायची वेळ आली आणि तुझी कंबर धरली?’’

काकांना आधी उमजलंच नाही. ‘‘तसं नाही रे, खरंच...’’

‘‘राहू दे. माणसं बघतायत.’’ साळवे वळले. ‘‘प्रज्ञा, ड्रायव्हरला बोलव.’’

लखीशेठ जवळ आले. ‘‘अरे साळवेसाब, खुशी का दिन है...’’ आणि तेव्हा साळव्यांना काय वाटलं ते काकांच्या ध्यानात आलं. बाजूला फळ्या रचून ठेवल्या होत्या, त्यांच्यावर ते बसले.

‘‘मला दिसत नाही, यशवंता,’’ ते मोठ्याने म्हणाले. सगळ्या आवारात ऐकू गेलं असणार.

‘‘काय दिसत नाही?’’

‘‘बाजूचं. समोरचं दिसतं, बाजूचं गेलं. तू आत्ता माझ्या उजवीकडे उभा आहेस ना, आवाजावरून कळतं. दिसत नाहीस.’’

साळव्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. मग ते हळूहळू चालत काकांच्या पुढ्यात आले.

‘‘आता?’’

‘‘आता दिसतोस. सदरा नवा आहे.’’

‘‘कधीपासून हे?’’

‘‘कळलं गेल्याच्या गेल्या पावसाळ्यात.’’

‘‘आणि दर रविवारी मी तुझ्या घरी येतो,’’ साळव्यांचा आवाज चढला. ‘‘दर रविवारी! एका शब्दाने बोलला नाहीस?’’

‘‘वाटलं, सांगितलं तर मत विचारायचं बंद कराल सगळे.’’

‘‘मी तुला कधी मत विचारलं होतं, केळकर?’’

खरंच, प्रज्ञाच्या ट्रकपर्यंत साळव्यांनी त्यांना कधी काही विचारलं नव्हतं. ते नुसते येत होते. काका म्हणाले, ‘‘पण तुला असं वाटलंच कसं? माझ्याबद्दल? एवढ्या वर्षांनी?’’

साळवे त्यांच्या शेजारी फळ्यांवर बसले. त्यांचा राग गेला होता आणि त्या जागी काही आलं नव्हतं, नुसता दमलेला चेहरा होता.

‘‘वाटलं खरं,’’ ते म्हणाले. ‘‘आधी तेच वाटतं. समोर तू होतास म्हणून नाही, कोणीही असतं तरी तेच वाटलं असतं. बापाबरोबर पाणी प्यायला जायचो तेव्हापासून वाटतंय. वाटून वाटून दमलो रे मी. पण थांबत नाही ते.’’

मला त्या क्षणी दोघांचाही राग आला होता, आणि दोघांचं वाईटही वाटत होतं. एकाने आंधळेपण लपवलं, कारण त्याला लोकांनी विचारायला हवं होतं. दुसऱ्याने जन्मभराच्या मित्राबद्दल क्षणात वाईट धरलं, कारण जगाने त्याला तेच शिकवलं होतं. दोघंही माणसं चांगली. नुसतं चांगलं असून भागत नाही, हे बघून मला फार थकल्यासारखं झालं.

प्रज्ञा आली. तिने काकांच्या पायांना हात लावला आणि म्हणाली, ‘‘काका, तुम्ही केबिनमध्ये बसा. माझ्या बाजूला.’’

‘‘नको ग. आत बसून ट्रक कळत नाही. मागून बघतो.’’

‘‘मग मीही मागूनच येतो,’’ साळवे म्हणाले. बहिणींनी गलका केला, घरच्या मालकाने पहिल्या दिवशी ट्रकमध्ये नाही बसायचं तर कोणी? पण ते उठलेच. उठताना त्यांनी काकांना हात दिला.

आम्ही आलो ती रिक्षा थांबवून ठेवलेली होती. तिच्यात तिघं बसलो. मधे काका, एका बाजूला मी, एका बाजूला साळवे. पुढे ट्रक निघाला, झेंडूच्या माळा हलत होत्या. उल्हासनगरच्या बाजारातून बाहेर पडून तो बदलापूरच्या रस्त्याला लागला. रिक्षावाल्याला काका म्हणाले, ‘‘त्याच्या बरोबर मागे ठेव. ओव्हरटेक करू नकोस.’’ आणि समोर नजर लावून बसले. ट्रक त्यांना पूर्ण दिसत होता. खड्डा आला की ते पुढे वाकत, ट्रक बसला आणि सावरला की मागे टेकत.

‘‘जास्तीचा पाटा टाकला ते बरं केलं,’’ ते म्हणाले. ‘‘रिकामा असल्यामुळे आत्ता जरा उडेल. माल भरल्यावर बघ तू. गिअर लवकर बदलतोय ड्रायव्हर. प्रज्ञाला सांग, त्याला म्हणावं घाई करू नको. अंबरनाथच्या पुलावर चढताना कळेल. चांगला झालाय, यशवंता. चांगला ट्रक आहे.’’

साळवे बाहेरच्या बाजूला तोंड करून बसले नव्हते. सरळ काकांकडे बघत होते आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. पुसतही नव्हते. काका एक वीतभर अंतरावर होते आणि त्यांना ते दिसत नव्हतं. मला दिसलंय हे मी साळव्यांना कळू दिलं नाही.

‘‘का रे गप्प?’’ समोर बघतच काकांनी विचारलं. ‘‘डावीकडे ओढतोय का जरा? मला तसं वाटतंय.’’

साळव्यांनी नव्या सदऱ्याच्या बाहीने तोंड पुसलं.

‘‘नाही,’’ ते म्हणाले. ‘‘सरळ चाललाय.’’